उंबरठ्यापासून क्रूसापर्यंत

गेल्या पावसाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी वसईला माहेरी आली होती. बाराव्या दिवशी संध्याकाळी पाऊस जरा उघडला, तेव्हा बाळाला दुपट्यात गुंडाळून ती ओटीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, जरा बाहेर जाऊन येऊ का गं?”

“नको” हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. पण तो तेथेच थांबला. याच दारातून १९९४ सालच्या पावसाळ्यात मी एकटीच, कोणालाही न विचारता बाहेर पडले होते. त्या वेळी आत बाजेवर निजलेली तान्ही मुलगी म्हणजे हीच.

माझी आई मी लहान असतानाच देवाघरी गेली. त्यामुळे माझे पहिले बाळंतपण सासरीच झाले. सासूबाईंनी काहीही उणे पडू दिले नाही. पहाटे उठून त्या पाणी तापवीत, बाळाला तेल लावून न्हाऊ घालीत, माझ्यासाठी अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करीत. बाजेखाली ओव्याची शेगडी असे, कानांना घट्ट फडके असे आणि खोलीची खिडकी सदैव बंद असे. “सव्वा महिना वारा लागता कामा नये,” हा त्यांचा दंडक होता. पतिराज सकाळच्या लोकलने जात ते रात्री परतत. बाहेर अखंड पाऊस, आत धूर आणि काळोख. कोणते दुःख आहे हे सांगता येत नसे, पण डोळे सारखे भरून येत. इतकी सेवा होत असताना रडू यावे, या विचाराने अधिकच रडू येई.

बाविसाव्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. सासूबाईंचा डोळा लागला होता, बाळही झोपले होते. मी कडी काढली आणि अनवाणीच वाडीत गेले. केळींच्या पानांवरून पाणी निथळत होते. बावखल काठोकाठ भरले होते. त्याच्या काठावर मी उभी राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. भानावर आले ती बाळाच्या रडण्याने आणि त्यामागोमाग आलेल्या सासूबाईंच्या हाकेने.

“तान्ह्या लेकराला टाकून पाण्याच्या काठी काय करीत होतीस?” त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग होता. पण त्या रागाखाली भय होते, हे मला फार उशिरा उमगले. मी उत्तर दिले नाही. त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

रात्री बाळ निजल्यावर त्या माझ्या बाजेशी येऊन बसल्या. बराच वेळ शेगडीतले निखारे सारखे करीत राहिल्या. मग एकाएकी म्हणाल्या, “अगं, तुझ्या नवऱ्याचा स्नानसंस्कार मी पाहिलाच नाही.”

मी उठून बसले. त्या सांगत होत्या ते १९६४ सालचे होते. त्या काळी बाळाचा स्नानसंस्कार शक्य तितक्या लवकर उरकीत, आणि बाळंतीण तर घराबाहेर पडायची नाही. आठव्या दिवशी धर्ममातेने बाळाला उचलले, सगळे घर नटून देवळात गेले आणि त्या याच खोलीत एकट्या राहिल्या. “घंटा ऐकली आणि ओळखले, आता पाणी ओतले असेल. माझ्या पोराचे नाव पडले, आणि मी इथे शेगडी फुंकीत होते.” पुढे चाळिसाव्या दिवशी त्या पेटती मेणबत्ती घेऊन देवळाच्या दाराशी गुडघे टेकून थांबल्या. फादर आले, त्यांनी पवित्र पाणी शिंपडले, आपल्या स्टोलचे टोक त्यांच्या हाती दिले आणि त्यांना आत नेले. “ते टोक मी असे घट्ट धरले होते!” असे म्हणून त्यांनी माझे मनगट धरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच दार उघडले. माझ्या कानांना फडके बांधले, पायांत वहाणा घालायला लावल्या, बाळाला स्वतःच्या कुशीत घेतले, छत्री उघडली आणि म्हणाल्या, “चल.” पहिल्या दिवशी आम्ही विहिरीपर्यंत गेलो. मग कुंपणापर्यंत. आठवड्याने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रूसापर्यंत. वाटेत शेजारणींनी भुवया उंचावल्या, तेव्हा त्या एवढेच म्हणत, “मी आहे ना तिच्याबरोबर.” सहाव्या आठवड्यात मुलीचा स्नानसंस्कार झाला. बाळाला उचलायला धर्ममाता पुढे झाली, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, “वाटेने तिची आईच नेईल.”

मायसभेचे मनही तोवर बदलले होते. १९६९ साली बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला. आईला हजर राहता यावे म्हणून तिच्या प्रकृतीचा विचार करावा, असे त्यात सांगितले आहे. विधीच्या शेवटी आईसाठी आशीर्वादाची प्रार्थनाही आहे. सासूबाईंना ही कलमे ठाऊक नव्हती. त्यांना ती घंटा ठाऊक होती.

सव्वा महिन्याच्या रूढीला मी आज नावे ठेवीत नाही. गर्भाशय मूळ स्थितीला यायला सुमारे सहा आठवडे लागतात. वाडीत राबणाऱ्या बाईला तेवढी हक्काची विश्रांती दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळाली असती? तान्ह्या बाळाला गर्दीपासून आणि खोकल्या-पडशाच्या माणसांपासून जपावे, हेही खरेच. परंतु विश्रांती म्हणजे कोंडून घेणे नव्हे. नुसते पडून राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, म्हणून डॉक्टर बाळंतिणीला लवकर चालायला लावतात. बंद खोलीतला शेगडीचा धूर तर आईला आणि बाळाला, दोघांनाही घातक. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही ते थांबत नसेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. माझे रडू बाविसाव्या दिवशीही थांबले नव्हते. त्या वेळी हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आज माहीत आहे, म्हणून लिहिते.

मोशेच्या नियमाप्रमाणे मुलगा झाल्यास आईने चाळीस दिवस थांबायचे आणि मुलगी झाल्यास ऐंशी. ते दिवस भरल्यावर पवित्र मारिया बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेली, असे संत लूक सांगतो. २ फेब्रुवारीला आपण मेणबत्त्या घेऊन तोच प्रसंग आठवतो. मला त्या प्रसंगातली माणसे विशेष आवडतात. वाटेत योसेफ बरोबर होता. आणि मंदिरात बाळाला हातांत घ्यायला वृद्ध शिमोन होता, देवाची स्तुती करायला वृद्ध हन्ना होती. बाहेर पडलेल्या त्या आईला कोणी एकटे सोडले नाही.

सासूबाई आज हयात नाहीत. लेक दारात उभी होती, माझ्या उत्तराची वाट पाहत. मी खुंटीवरची छत्री काढली आणि बाळासाठी हात पुढे केले.

“क्रूसापर्यंत जाऊ या,” मी म्हटले. “पण आज विहिरीपर्यंतच.”