माजघराची भिंत

नगर भूमापनाच्या कामात आमची उमेदीची तीस-बत्तीस वर्षे गेली. या शहरातल्या किती वाड्यांच्या हद्दी आम्ही टेप लावून मोजल्या, याची गणती नाही. मिळकतपत्रिकेवर धारकाचे नाव आणि क्षेत्रफळ असते. उंबरठ्याच्या आत काय घडले याची मात्र तिला खबर नसते. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी रायसेनहून सुरू झालेल्या ‘नक्शा’ उपक्रमात आरंभी १५२ शहरांची मोजणी आकाशातून करण्याचे योजिले होते. तिचे स्वागतच, पण आकाशातून छप्पर दिसते, माजघर दिसत नाही.

बडोद्यातील दांडिया बाजारातला आमचा वाडा कागदोपत्री अजून अखंड आहे. धाकटे बंधू गेल्यावर वाटणी नोंदवण्याचे ठरले, तेव्हा त्यांचा स्थापत्य अभियंता मुलगा लेसरचे हातयंत्र घेऊन आला. लेसरचा किरण भिंतीवर आपटून परततो. त्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. असे लक्षावधी बिंदू जमले की खोलीची आकृती उभी राहते. चालता चालता यंत्राची चूक साचत जाते, म्हणून त्याने वाडाभर फिरून पुन्हा निघाल्या उंबरठ्यावरच फेरी संपवली. आमच्या साखळीच्या मोजणीतही आरंभबिंदूशी परत येण्याचा दंडक होता, हे पाहून बरे वाटले.

यंत्रालाही फसगत ठाऊक आहे. दिवाणखान्यातल्या बिलोरी आरशामागे त्याने एक नसलेली खोली दाखवली. आणखी मोठा पेच सामानाचा. दोन वेळच्या मोजण्या एकमेकींवर ठेवल्या, तर हललेली खुर्चीही बदल ठरते आणि नवी भिंतही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली याच प्रश्नावर काम केले; घरातले फिरते सामान वेगळे काढून भिंती, दारे अशा कायम भागांतले बदल तेवढे मिळकतीच्या नोंदीशी जोडून पाहावेत, अशी त्यांची रीत. दप्तरदाराला हवा असतो तो नेमका एवढाच विवेक.

आमच्याकडे पहिली मोजणी नव्हती. होता वडिलांनी काढवलेला जुना नकाशा आणि १९८८ सालचा आम्हां भावांचा घरगुती करार. माजघराच्या बरोबर मध्यावर भिंत घालावी, असे त्यात आमच्याच अक्षरात आहे. पुतण्याने ते मोजमाप नव्या आकृतीवर बसवले आणि तो थांबला.

“काका, ही भिंत मध्यावर नाही. तुमच्या बाजूला चाळीस सेंटीमीटर जास्त आहेत.”

भिंतीची लांबी ५.२ मीटर, म्हणजे सुमारे २२ चौरस फूट. आम्हांस हिशेब करावा लागला नाही. भिंत घातली तेव्हा बंधू बदलीच्या गावी होते आणि गवंड्यापाशी आम्ही उभे होतो. आमचे लोखंडी कपाट मावत नव्हते. दोरी थोडी सरकव, असे आम्हीच सांगितले. दुसऱ्याच्या हद्दीत वीतभर सरकलेल्या ओट्यासाठी ज्याने लोकांना कचेरीत हेलपाटे घालावयास लावले, त्याने स्वतःच्या घरात हे केले. आणि छत्तीस-सदतीस वर्षे कोणत्याही कागदाने त्याला विचारले नाही.

“भिंत आहे तिथेच दाखव,” आम्ही म्हणालो, “आणि वाटणीपत्रात तेवढे क्षेत्र तुम्हांला माझ्याकडून येणे, असे लिही.”

पुतण्या आईकडे पाहू लागला. भावजय दारात उभ्या होत्या.

“ह्यांना ठाऊक होतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवाळीला आले तेव्हा विती टाकून मोजलं होतं. मी म्हटलं, विचारा की. तर म्हणाले, दादाचं कपाट बसलं ना, झालं.”