चेन उघडायची नसते

आई व्हिडिओ कॉलवर दिसली तेव्हा ती कोपरापासून मनगटापर्यंत हात खाजवत होती. मागे ताईचा हॉल, टेक्सासमधली सकाळ. इकडे पुण्यात रात्रीचे दहा वाजून गेलेले. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, "कूस लागल्यावानी खाजतंय रे. हितं कुठला आलाय ऊस?"

उजनीच्या काठावर वाढलेल्या माणसाला कूस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. उसाच्या पानांच्या देठापाशी बारीक केसांसारखे काटे असतात. उघड्या अंगाने उसात शिरलात की ते कातडीत रुततात. दिसत नाहीत, पण दोन दिवस झोपू देत नाहीत. आमचं गाव करमाळा तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून. चहूकडे ऊस आणि केळी. त्यामुळे आईच्या अंगाला खाज आली की तिच्या डोक्यात पहिला शब्द कूसच येतो. यावेळी तो शब्द जवळजवळ बरोबर निघाला. फक्त ही कूस काचेची होती.

आई ताईच्या बाळंतपणाला गेली होती. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. सोबत मेथीचे लाडू, डिंक, बाळंतशेपा आणि तिने स्वतः शिवलेली एक वाकळ. बाळ दीड महिन्याचं होतं. एका दुपारी ते ताईच्या बेडवर भिजलं. ताई झोपली होती. आईने चादर काढली, खाली गादीच्या कव्हरलाही ओल लागलेली. कव्हरला चेन होती. आईने चेन उघडली, कव्हर काढलं, मशीनमध्ये टाकलं, मग ड्रायरमध्ये. त्याच मशीनमध्ये नंतर बाळाची लंगोटं आणि झबली धुतली. आतून जे पांढरं, जाळीदार कापड दिसत होतं त्याच्यावर हात फिरवून, झटकून, ते तिने खिडकीतल्या उन्हात वाळू दिलं.

चार दिवसांत घरातल्या चौघांनाही खाज सुटली. बाळाच्या मानेवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं, आणि ते रात्रभर किरकिर करायला लागलं. आधी वाटलं उष्णता. मग वाटलं साबण बदलला म्हणून. एका रात्री दाजींनी दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च जमिनीला समांतर धरला. सगळी फरशी चमकत होती. सोफा, उशा, बाळाचा पाळणा, सगळीकडे केसापेक्षा बारीक चकाकणारे तुकडे.

गादीच्या एका शिवणीत एक पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की कव्हर काढू नये. आणि आतल्या थरात काय काय आहे त्या यादीत दोन शब्द होते: ग्लास फायबर.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक साधा नियम आहे. जे बटण दाबायचं नसतं ते स्क्रीनवर ठेवायचं नसतं. ठेवलंच आणि कुणी दाबलं, तर ती चूक वापरणाऱ्याची नाही, बनवणाऱ्याची. चेन असलेलं कव्हर माणसाला एकच गोष्ट सांगतं, की मला उघड. ती भाषा माझ्या आईला येते. शिवणीतली इंग्रजी पट्टी तिला वाचता येत नाही. पण त्या रात्री हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. ताई बाळंतीण, तीन रात्रींची जागी. ती आईला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं धुवायला?"

त्यानंतर आईने बाळाला उचलून घेणं बंद केलं. ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि बाळ रडलं की ताईला हाक मारायची. मला हे ताईने सांगितलं, आईने नाही.

मी पुण्यात बसून दुसरं काहीच करू शकत नव्हतो, म्हणून वाचायला लागलो. पहिला प्रश्न हाच होता, की झोपायच्या गादीत कुणी काच का घालेल?

उत्तर आगीत आहे. आजच्या बहुतेक मऊ गाद्या पॉलियुरेथेन फोमच्या असतात. हा फोम पेट्रोलियमपासून बनतो, आणि एकदा ज्वाळा लागली की फार वेगाने जळतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. घरातल्या आगीत माणूस भाजण्याआधी बऱ्याचदा धुरानेच बेशुद्ध होतो. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरमधल्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचर विभागाला आग लागली आणि १० माणसं गेली. फोमचं फर्निचर किती झपाट्याने पेटतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. ब्रिटनने १९८८ मध्ये घरगुती फर्निचरसाठी कडक अग्निसुरक्षा नियम आणले.

अमेरिकेत १९७३ पासून एक चाचणी होती: गादीवर पेटत्या सिगारेटी ठेवायच्या आणि गादी धुमसते का ते पाहायचं. कारण तिकडेही माणसं बिछान्यात सिगारेट ओढत झोपी जायची. पण फोमला सिगारेटपेक्षा उघडी ज्वाळा धोक्याची. म्हणून १ जुलै २००७ पासून दुसरा नियम आला. गादीच्या वरच्या बाजूला आणि कडेला गॅसचे बर्नर लावायचे, मग ३० मिनिटं बघत राहायचं. त्या वेळात आगीचा जोर २०० किलोवॅटच्या वर जाता कामा नये आणि पहिल्या १० मिनिटांत एकूण उष्णता १५ मेगाजूलच्या आत राहिली पाहिजे. हेतू असा, की खोली पेटायच्या आत माणसाला उठून बाहेर पडायला वेळ मिळावा.

ही परीक्षा कशी पास व्हायची हे मात्र नियम सांगत नाही. ते कंपनीने ठरवायचं. लोकर वापरता येते, सिलिका घातलेलं रेयॉन वापरता येतं. आणि स्वस्तात भागवायचं तर काचेचा धागा. फोमवर मोज्यासारखं एक कापड चढवतात. त्याच्या धाग्याच्या पोटात काच असते, बाहेरून दुसरे तंतू गुंडाळलेले. आग लागली की बाहेरचे तंतू जळून जातात, काचेची जाळी तशीच राहते आणि ज्वाळेला फोमपर्यंत पोचू देत नाही. तिच्यात रसायन नाही, वास नाही, आणि ती काम चोख करते. अट एकच: ती जाळी बाहेरच्या कव्हरखाली झाकलेली राहिली पाहिजे.

तेवढी अट चेनने मोडली.

बरीच तक्रार झाल्यावर कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला, की १ जानेवारी २०२७ पासून तिथे काचेचे तंतू असलेल्या गाद्या आणि गादीचं फर्निचर विकता येणार नाही. ताई टेक्सासमध्ये राहते.

हे सगळं वाचताना मला त्या नियमाचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. कारण मला आबांची गादी आठवली.

आबा म्हणजे माझे आजोबा. धरणात जमीन आणि घर गेलेल्या पिढीतले. आमच्याकडे गावांना सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखे नंबर आहेत. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. वांगी एक, दोन, तीन. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. गावं उठली आणि वर, कोरड्यावर, पुन्हा मांडली गेली. आबांनी जुन्या घरातून आणलेल्या मोजक्या वस्तूंत एक कापसाची गादी होती. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी धुनकी घेऊन यायचा, अंगणात कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. आबा त्या गादीवर बसून बिडी ओढायचे.

मी सहा-सात वर्षांचा असेन. रात्री कसल्यातरी वासाने घर जागं झालं. आबांच्या मांडीखालची गादी आत धुमसत होती. ज्वाळा अजिबात नव्हती, फक्त धूर. आजीने घागरभर पाणी ओतलं, सगळे पुन्हा झोपले. पहाटे परत धूर. कापूस असाच जळतो: वरून विझल्यासारखा दिसतो, आत निखारा तास न् तास सरकत राहतो. शेवटी आण्णांनी गादी ओढत अंगणात नेली. ती दुपारपर्यंत धुमसली. आबांच्या मांडीवर तळहाताएवढा डाग राहिला, तो शेवटपर्यंत होता. फोमची गादी असती आणि ज्वाळा उठली असती, तर दोनदा जागं व्हायची संधी कदाचित मिळाली नसती.

म्हणजे ज्याने तो नियम लिहिला त्याच्यासमोर कुठलेतरी आबाच होते. आमच्याकडेही नियमाची आठवण अशीच होते. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्यानंतर सगळे लाइफ जॅकेटबद्दल बोलायला लागले. त्याआधी त्या पाण्यावरून आम्ही सगळेच तसेच जायचो, मोटरसायकली बोटीत घालून.

टेक्सासमध्ये साफसफाई तीन आठवडे चालली. झाडू मारायचा नाही, तंतू उडतात. साधा व्हॅक्यूम चालत नाही, बारीक गाळणीचा हेपा व्हॅक्यूम लागतो. उरलेलं ओल्या कपड्याने टिपायचं आणि तो कपडा फेकून द्यायचा. एसीचा पंखा आधी बंद करायचा, नाहीतर तो एका खोलीतली काच घरभर पोचवतो. गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकून दिली. मशीन रिकामंच पुन्हा पुन्हा चालवलं, आतून पुसलं. बाळाचे बरेचसे कपडे टाकले. आईची वाकळही त्यात गेली. डॉक्टरांनी बाळाला तपासून सांगितलं, की तंतू कातडीला टोचल्यामुळे आलेलं पुरळ आहे, चोळू नका, पाण्याने धुवा, जाईल. गेलं.

आई परत आली ती गप्पच. मी मुंबईच्या विमानतळावर घ्यायला गेलो होतो. भिगवणच्या पुढे डावीकडे धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा पहिल्यांदा बोलली. "लेकराला काय झालं असतं तर?" मी तिला चेन आणि बटणाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तुमचं ते कॉम्प्युटरचं मला कळत न्हाई. धुतलं मी, हे खरं हाय."

त्या रात्री मी गावातल्या आमच्या घरात आण्णांच्या पलंगावर झोपलो. आण्णांची पाठ दुखते म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ऑनलाइन मागवलेली गादी. खोक्यात गुंडाळून आलेली, उघडल्यावर फुगलेली. मी टॉर्च लावून चारी बाजूंनी पाहिली. फोम आहे एवढं लिहिलं होतं, कितीची, किती वर्षांची गॅरंटी हेही. आगीबद्दल एक ओळ नव्हती. घेताना मीही विचारलं नव्हतं. आणि पलंगाखाली, लोंबणाऱ्या चादरीपासून वीतभर अंतरावर, डासांची कॉइल जळत होती. वर मच्छरदाणी. धरणाकाठी डास फार, कॉइल रोजची.

तिकडे आगीपासून वाचवायला काच घातली होती, आणि ती माझ्या भाचीच्या पाठीत रुतली. इकडे मधे काहीच नव्हतं.

मी कॉइल उचलून पितळी ताटात ठेवली, ताट दाराबाहेर. आता तिथे नेहमी तसंच करतात. पलंगाच्या उशाला मोबाईल चार्जिंगला लावणंही बंद केलं. तुमच्या घरी फोमची गादी असेल तर आज एवढंच बघा: खाली-शेजारी काय जळतं, गादीवर पट्टी आहे का, तिच्यावर काय लिहिलंय. कव्हर काढू नका असं लिहिलं असेल तर काढू नका. काहीच लिहिलं नसेल तरी चेन उघडायच्या आधी विकणाऱ्याला विचारा. वरून धुता येणारी वेगळी खोळ घाला. आणि घरातल्या ज्या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही, त्याला ती पट्टी वाचून दाखवा. हे शेवटचं आमच्याकडे कुणी केलं नव्हतं. ताईने नाही, दाजींनी नाही, मीही नाही.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. मी तिथेच होतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, ती वाकळ टाकावी लागली ना. दुसरी शिवशील? बाळ आता पालथं पडतंय, खाली अंथरायला पाहिजे."

आई काही बोलली नाही. फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन पेटीतल्या जुन्या साड्या काढायला लागली. थोड्या वेळाने आतून विचारलं, "तिला विचार, तिकडच्या मशीनमधी धुवायची का हातानं?"