‘बघच’ म्हणण्याआधी

भयपटांचं वेड असलेल्या माणसांत एक नियम कुणी न शिकवता पाळला जातो: सस्पेन्स फोडायचा नाही. सिनेमाचं नाव सांगायचं, ‘बघच’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. आमच्या मित्रमंडळींत हा नियम सगळ्यात कडकपणे मी पाळायचो. कुणी कथा सांगायला लागलं की त्याला तिथेच अडवायचो. अंधारात दार आपटून दचकवणाऱ्या सिनेमांना हा नियम ठीक आहे. पण ज्या भयपटांत भीती माणसाच्या मनातून, घरातल्या दुःखातून, आजारातून येते, त्यांच्या बाबतीत याच नियमापायी मी जवळच्या माणसांना दुखावलं आहे.

त्यातल्या काही चुका तशा हलक्या होत्या. कियोशी कुरोसावा यांचा ‘क्युअर’ (१९९७) मी एका मित्राला ‘झोप उडेल’ म्हणून सांगितला. टोकियोत खून होत राहतात. मारणारे वेगवेगळे, एकमेकांना न ओळखणारे: एक शिक्षक, एक पोलीस, एक डॉक्टर. पण प्रत्येक प्रेतावर गळ्यापासून छातीपर्यंत तीच फुली कापलेली. मित्राने तो लोकलमध्ये, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत बघितला आणि म्हणाला, “काहीच होत नाही रे यात.” त्याला सिनेमातलं कळत नाही असं मी बराच काळ धरून चाललो होतो. त्यातला पोलीस आपल्या सहकाऱ्याला गोळी घालतो ते दृश्य लांबून घेतलेलं आहे. संगीत नाही, कुणाचा चेहरा जवळून नाही; रोजचं काम उरकावं तसा तो माणूस मारतो. मोबाइलच्या पडद्यावर ती दोन माणसं बोटाच्या पेराएवढी दिसणार आणि सिनेमाभर घुमणारी यंत्रांची घरघर गाडीच्या खडखडाटात बुडणार. दचकायची वाट बघू नकोस, रात्री हेडफोन लावून सलग बघ, एवढं मी सांगायला हवं होतं. त्याने कथेचा एक धागाही सुटला नसता.

राम गोपाल वर्मांच्या ‘कौन’बद्दल (१९९९) मी लोकांना ‘शेवट चुकवू नका’ असं सांगत फिरलो. घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर, बाहेर पाऊस, दाराशी मनोज बाजपेयी. शेवटाचं नुसतं नाव काढलं की बघणारा पहिल्या मिनिटापासून हिशेब मांडत बसतो आणि त्या घरातली धाकधूक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तेही माझ्यामुळेच झालं.

आता ‘हेरेडिटरी’. ॲरी ॲस्टर यांचा हा सिनेमा २०१८चा. पुढे त्यातली एक घटना मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ती न सांगण्यातच माझी चूक होती. पार्टीत धाकट्या बहिणीच्या पोटात सुकामेवा घातलेला केक जातो, तिचा श्वास कोंडतो. थोरला भाऊ पीटर तिला गाडीत घालून दवाखान्याकडे सुसाट निघतो आणि वाटेत अपघातात ती जाते. पीटर गाडी थांबवतो. मागच्या सीटकडे तो बघत नाही. घरी येतो, गाडी उभी करतो आणि आईवडिलांना काही न सांगता अंथरुणावर जाऊन पडतो. सकाळ होते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. बाहेर आई गाडीपाशी जाते, आणि तिची किंकाळी आपल्याला त्याच्या उघड्या डोळ्यांकडे बघत ऐकावी लागते. गेल्या काही वर्षांतल्या भयपटांत याच्या तोडीचं दृश्य मी बघितलेलं नाही, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणेन.

माझ्या एका जुन्या मित्राचा चुलतभाऊ कॉलेजच्या दिवसांत बाइकच्या अपघातात गेला. बाइक मित्र चालवत होता. हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यालाच मी ‘हेरेडिटरी’ सुचवला. म्हणालो, “त्या पोराचं काम बघ. बाकी काही विचारू नकोस.”

काही दिवस त्याचा फोन नाही, मेसेज नाही. मग एका संध्याकाळी तो घरी आला. चप्पलही न काढता दारातच उभा राहिला. “तुला माहीत होतं ना?”

तो शेवटाबद्दल विचारतोय असं मला वाटलं. मी हसून म्हणालो, “हो, म्हणून तर सांगितलं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “त्या रात्री मला घरी आणून झोपवलं होतं. काकूला रात्री कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सांगितलं. मी आतल्या खोलीत होतो.”

ती सकाळ मला माहीत नव्हती, पण अपघात माहीत होता आणि तेवढं पुरेसं होतं. मला तेव्हाच दोन्ही गोष्टी का जोडता आल्या नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो प्रसंग माझ्या डोक्यात एक शॉट म्हणून बसला होता: न हलणारा कॅमेरा, फ्रेमच्या बाहेरून येणारा आवाज, पीटर झालेल्या ॲलेक्स वुल्फचा चेहरा. हे सगळं घडतं ते एका भावाच्या हातून बहीण गेल्यामुळे, हे मी कधी उच्चारलंच नव्हतं. आम्ही चाहते तासन्‌तास कॅमेऱ्याबद्दल बोलतो. ज्याच्या घरात तसं घडलेलं असतं त्याला कॅमेरा दिसत नाही. मी त्याची माफी मागितली, त्याने ती दिली. पण माझ्याकडून सिनेमाचं नाव तो पुन्हा मागत नाही.

वेगळ्या प्रकारचं मौन मी ‘रिपल्शन’बद्दल (१९६५) पाळलं. बहीण गावाला गेल्यावर लंडनच्या फ्लॅटमध्ये एकटी उरलेली मुलगी, भिंतींना जाणारे तडे, भिंतींतून बाहेर येणारे हात. पुरुषाच्या स्पर्शाची धास्ती इतकी आतून क्वचितच दाखवली गेली आहे, असं सांगून मी तो एका मैत्रिणीला दिला. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात १३ वर्षांच्या मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा कबूल केला आणि शिक्षा ठरण्याआधी ते देश सोडून गेले. हे मला ठाऊक होतं. सिनेमा त्याआधीचा, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. तिला नंतर कळलं. ती म्हणाली, “मी बघितला असताच. पण कुणाचा आहे हे माहीत असून बघितला असता.”

मग मी घाबरलो आणि उलट्या टोकाला गेलो. राहुल सदाशिवन यांचा मल्याळम ‘भूतकालम्’ २०२२ मध्ये आला. नैराश्याने ग्रासलेली आई, नोकरी न मिळणारा मुलगा, घरात नुकतीच वारलेली आजी. मुलाला घरात कुणीतरी असल्याचं जाणवू लागतं आणि सगळ्यांना वाटतं, आता याचंही डोकं बिघडलं. घर झपाटलेलं आहे की माणसं आजारी आहेत, हे कितीतरी वेळ ठरत नाही. रेवतीने उभी केलेली आई विसरता येत नाही. आमच्यातल्या एकीची आई अनेक वर्षं नैराश्याच्या गोळ्यांवर आहे, आणि घरात मायलेकी दोघीच. मी सगळ्यांना हा सिनेमा सांगितला, तिच्यासमोर विषय निघाला की बदलला.

तिने तो स्वतःच शोधून बघितला आणि माझ्यावर चिडली. “मला हाच हवा होता. आईचं नि माझं भांडण मी पहिल्यांदा कुठेतरी बघितलं. मला काय झेपेल ते तू कोण ठरवणार?” मला उत्तर सुचलं नाही. एकाला न विचारता दिलं, दुसरीला न विचारता नाकारलं. दोन्ही वेळा त्यांच्या वतीने निर्णय मी घेतला होता.

आता मी सिनेमा सुचवताना त्यात दुखणं कसलं आहे ते आधी सांगतो. ‘द बाबाडूक’ (२०१४) असेल तर म्हणतो: बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना नवरा गेलेली बाई आहे, त्या मुलाला ती एकटी वाढवते आणि कधीकधी तिला तो नकोसा होतो. एवढं ऐकून काहीजण ‘आत्ता नको’ म्हणतात, काहीजण त्याच रात्री बघतात. दिग्दर्शिका जेनिफर केंट यांनी काय रचलंय ते त्यानंतरही तसंच शिल्लक असतं. आमच्यातले कट्टर लोक यालाही सस्पेन्स फोडणंच म्हणतात. मला ते पटत नाही. विषय कळल्याने जो सिनेमा संपतो, तो मुळातच फार नव्हता.

एका सिनेमापाशी मात्र मी अडतो: जॉर्ज स्लाउझर यांचा १९८८चा ‘द व्हॅनिशिंग’. फ्रान्समधल्या पेट्रोलपंपावरून एक तरुणी नाहीशी होते आणि तिचं काय झालं हे कळल्याशिवाय तिच्या प्रियकराला जगता येत नाही. याचं दुखणं आणि याचा शेवट एकच आहे. एक सांगितलं की दुसरं फुटतं. हा मी अजून नुसत्या नावाने कुणाला सुचवत नाही. समोरच्याला विचारतो, तुला जन्माची अशी कुठली धास्ती आहे का, की जिच्यामुळे जीव गुदमरतो? त्याने हो म्हटलं तर त्याची तयारी असल्यास शेवट सांगून टाकतो, आणि त्यातलं निम्मं त्याच्या हातून जातं हे मान्य करतो.