जुन्या काडतुसांचं करायचं काय?

आपल्या भागात एके काळी रानडुकरांपासून पीक वाचवायला बऱ्याच शेतकऱ्यांकडे लायसनची बारा बोअर असायची. ती पिढी आता एकेक करून जातेय. मागे राहिलेल्या बंदुकीची घरच्यांना आठवण असते, काडतुसांची नसते. ती पेटीच्या तळाशी कुठल्या तरी डब्यात पडून राहतात.

आमच्याकडेही तेच झालं. मोठे बाबा गेले. बंदूक निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली, ती तिथंच होती. नंतर माळा आवरताना बिस्किटाच्या डब्यात चौदा काडतुसं निघाली. कागदी नळ्या ओलीनं फुगलेल्या, पितळी बुडांवर हिरवा थर चढलेला.

मग घरात सल्ले सुरू झाले. "विहिरीत टाकून द्या." "होळीत जाळून टाकू." "भंगारवाला पितळेचे पैसे देईल." आणि वहिनीचं म्हणणं, "पोलिसांत जाऊ नका भाऊजी, नसतं झेंगट मागं लागेल." हा शेवटचा सल्ला सगळ्यांनाच पटला होता.

पण जरा विचार करा. जुनं काडतूस म्हणजे मेलेलं काडतूस नव्हे. ते बेभरवशाचं असतं. एखादं उडणारच नाही, एखादं उशिरा उडेल, आणि सडलेलं पितळ बंदुकीतच फाटू शकतं. आगीत टाकलं तर ते फुटतं आणि तुकडे वाट्टेल तिकडे उडतात. डोळा जायला तेवढं पुरे. विहिरीत टाकलं तर ते फक्त दिसेनासं होतं, छऱ्यांचं शिसं मात्र पाण्यातच राहतं. आणि भंगारात दिलं तर आपल्या घरातला धोका पितळ वेगळं करणाऱ्या एखाद्या पोराच्या हातात जातो.

हे आपल्या जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगावच्या बाजूला, जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू होतं. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जीव गेले. त्यात पोटासाठी कंत्राटावर गेलेले मजूरही होते. दारूगोळा जुना झाला की त्याची जबाबदारी हळूहळू खाली सरकते आणि शेवटी सगळ्यात गरीब माणसाच्या डोक्यावर येऊन बसते. घरातला डबा भंगारात देणं म्हणजे छोट्या प्रमाणावर तेच करणं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे, जवळ बाळगणं कायदेशीर राहिलं नाही अशी शस्त्रं आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. मी डबा होता तिथंच ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि मोठ्या बाबांचं लायसन व मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात गेलो.

पहिल्या दिवशी "साहेब नाहीत". दुसऱ्या दिवशी "इतके दिवस काय करत होता?" तिसऱ्या खेपेला एक हवालदार भेटले, त्यांनी कागद बघितले, घरी आले, मोजदाद केली आणि पोच दिली. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. पण तीन चकरा आणि तो प्रश्न ऐकून दहातले नऊजण पहिल्याच दिवशी परत फिरतील आणि डबा विहिरीत जाईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या तारखा जाहीर करा. वारसाहक्कानं आलेली काडतुसं, बंदुका आणून द्या, पोच घ्या, उलटतपासणी नाही. ब्रिटनमध्ये पोलीस मधूनमधून अशी मुदत देतात आणि त्या मुदतीत जमा करणाऱ्यावर बाळगल्याबद्दल कारवाई करत नाहीत. आपल्याकडे ग्रामसभेत सांगितलं, दवंडी दिली, तरी काम होईल.

तोवर इतकं करा. आजोबांची पेटी उघडून बघा. काडतुसं निघाली तर घासूपुसू नका, फोडू नका, पोरांना लांब ठेवा आणि कागदं घेऊन आधी ठाण्यात जा. शेतात, नाल्यात बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हातच लावू नका, 112 ला फोन करा. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा, मी सोबत येतो.

ही पोस्ट आपापल्या गावाच्या ग्रुपवर टाका.