चिमणीचे दार

आमची मुलगी अडीच वर्षांची झाली त्या सुमारास तिच्या बोलण्यात ‘दोन मिनिटं’ हा शब्दप्रयोग दाखल झाला. त्याचा अर्थ ‘नाही’ असा होता. जेवायला बोलावले की ती मान वळवून ‘दोन मिनिटं’ म्हणे. हा अर्थ तिने आमच्याच वापरातून उचलला होता, हे उमगायला आम्हां दोघांनाही वेळ लागला. दोघेही भाषा शिकवतो, तेव्हा तो लागायला नको होता.

तोवर आम्ही तिला धीर शिकवण्याच्या खटपटीत होतो. वॉल्टर मिशेल यांचे स्टॅनफर्डमधील मार्शमेलोचे प्रयोग आठवून एकदा तिच्यापुढे एक बेदाणा ठेवला आणि थांबलीस तर दोन मिळतील, असे बजावले. तिने तो तत्काळ खाल्ला. (मिशेल यांच्याकडची मुले चारेक वर्षांची होती, याचा आम्हांला सोयीस्कर विसर पडला होता.) पुढे सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा शोधनिबंध वाचनात आला. रॉचेस्टर विद्यापीठातल्या त्या प्रयोगात २८ मुले होती. मार्शमेलोच्या आधी त्यांना चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले गेले. निम्म्यांना ते मिळाले, निम्म्यांना नाही. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, उरलेली ३. आमच्या बेदाण्याचा निकाल आधीच लागलेला होता तर!

मग चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगताना एका गोष्टीकडे लक्ष गेले. चिमणीही दार उघडायला टाळाटाळच करते, पावसात भिजणाऱ्या कावळ्याला पुन्हा पुन्हा थांबवते. पण ही चळवळी मुलगी ते सारे निमूट ऐकते. चिमणी मिनिटे सांगत नाही. ती काम सांगते: बाळाची अंघोळ, मग पावडर. प्रत्येक काम ऐकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत संपते. शेवट घरोघरी निराळा. आमच्याकडे कावळ्याला आत घेतात.

तेव्हापासून चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्ही ‘हे तीन पेपर, मग बाग’ असे म्हणू लागलो. ती गठ्ठ्याशेजारी बसून राहते. परवा दुसरा पेपर फार लांबला, पुरवण्यांवर पुरवण्या. मान वर केली तेव्हा तिसरा पेपर तिने आपणच तपासलेल्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवला होता आणि चपला हातात घेऊन ती दाराशी उभी होती.