कार्यभार

बदलीच्या नोकरीतला एक प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभविला असेल. जुना अधिकारी कार्यमुक्त होऊन गाडीत बसतो, आणि नवा अजून दूर कोठे तरी सामान बांधीत असतो. मधले पंधरा दिवस टेबलावरच्या फायली बेवारशी. हे चालावयाचेच, असे म्हणून मीही ते सोडून देत आलो. परंतु गेल्या ज्येष्ठात, येथे रांचीस, घरातल्या संगणकाने हेच काम ज्या रीतीने पार पाडले ते पाहून मला थोडी लाज वाटली.

आमच्या पेटीत दोन हार्ड डिस्क असून प्रत्येक फाइलची एकेक प्रत दोहोंवर असते. त्यांतच आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. १९८७ साली तिने त्या कॅसेटवर म्हटल्या होत्या. कॅसेटला पुढे बुरशी लागली. आवाज उरला तो येथेच. म्हणून दोन क्रमांकाच्या डिस्कवर न वाचता येणाऱ्या जागा वाढू लागल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

लिनक्समधील बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये २०१३ पासून काम चालू असतानाच डिस्क बदलण्याची सोय आहे. नवी डिस्क रिकाम्या कप्प्यात बसवून ‘रिप्लेस’ची आज्ञा द्यावयाची, जुनी काढावयाची नाही. नवी लहान नसावी, एवढी अट. आजारी डिस्कला फार न शिणविता दुसरीवरची चांगली प्रत घ्यावी, असेही सांगता येते. मी तसे सांगितले. प्रत्येक तुकड्याचा पडताळणीचा आकडा नोंदलेला असतो, त्यामुळे बिघडलेली प्रत खरी म्हणून खपत नाही. गंमत अशी की, सारे पुरे होईपर्यंत नव्या डिस्कचा क्रमांक असतो शून्य! हजर झाली, लिहूही लागली. पद मात्र नाही.

सायंकाळी सातला आज्ञा दिली. थोड्या वेळाने मुलगी आली.

“बाबा, आजीच्या ओव्या लावू? की काम चाललंय तुमचं?”

‘नको’ ओठांवर आले होते. पण मग या साऱ्या खटाटोपाला अर्थ काय? “लाव,” म्हणालो. जात्याची घरघर ऐकू आली, मागून आईचा आवाज. पडद्यावर अकरा टक्के. इतक्यात वादळ उठले, वीज गेली, इन्व्हर्टरने सांभाळले. यंत्र बंद पडले असते तरी काम थांबल्या जागेपासून पुढे सुरू झाले असते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे निराळे आणि स्वस्थ बसणे निराळे!

अकरा वाजून गेल्यावर शून्याचा दोन झाला. जुन्या डिस्कवरची ओळखीची खूण पुसली गेली.

दोन्ही प्रती एकाच पेटीत ठेवून मी इतकी वर्षे निर्धास्त राहिलो, याचे आता नवल वाटते. चोरी किंवा आग यांपुढे हा जोडा काय करणार? दुसऱ्याच दिवशी एक प्रत साताऱ्यास ताईकडे पाठविली. रात्री तिचा फोन आला.

“अरे, शेवटच्या ओवीत आईनं माझं नाव घेतलंय. कधी बोलला नाहीस!”

मला ते ठाऊकच नव्हते. त्या रात्रीही मी टक्केच पाहत बसलो होतो.