कंबोईच्या काठावरची मोरस

बडोद्याहून आम्ही कावी-कंबोईस गेलो, ते स्तंभेश्वराच्या दर्शनास. भरतीच्या वेळी, म्हणजे दिवसातून दोनदा, हे देवालय पाण्याखाली जाते. ओहोटीची वाट पाहणे प्राप्तच होते. काठाच्या खारवट चिखलात बारीक, मांसल पानांची, कोठे हिरवी तर कोठे लालसर झुडपे पसरली होती. आमच्या अलिबागकर मावशी उद्गारल्या, ‘‘अगबाई, ही तर मोरस!’’

वनस्पतिशास्त्रज्ञ हिच्या जातकुळीस ‘सुएडा’ म्हणतात. ही मीठ नाकारीत नाही. पानांच्या पेशींत ते साठवून त्यावर पाणी धरते, म्हणूनच पाने रसाळ होतात. कोकणातील आगरी-कोळी घरांत कोवळे शेंडे उकडून, पाणी टाकून, डाळीत वा सुकटीत शिजवतात. वरून मीठ घालावे लागत नाही.

मावशींच्या माहेरच्या खाडीवर भराव पडला, तेव्हापासून त्यांना ही भाजी मिळालेली नव्हती. खाजण ओसाड समजून बुजविले जाते. भरती अडली की मोरसही जाते. घरी आणलेली मूठभर भाजी मावशींनी रांधली. पानावर मीठ कोणीच मागितले नाही. मावशी मात्र बराच वेळ काही बोलल्या नाहीत.